कावळे डिकॉयवर का उतरत नाहीत? मांडणी, वारा आणि लपण

प्रश्न इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका शेतावरचा आहे. मे महिना, मका नुकताच उगवून आलेला, आणि रूक (कावळ्याचाच एक भाऊबंद) व कावळे ओळीने कोंब उपटून खालचा दाणा खाताहेत. शेतमालकाने बंदुकीला परवानगी दिली आहे. कुंपणाच्या झुडपांना लागून जाळी लावली, समोर डझनभर डिकॉय, म्हणजे प्लॅस्टिकचे खोटे कावळे, मांडले. पक्षी येतात, साठ-सत्तर मीटरवरून एक वळसा घेतात आणि निघून जातात. आता डिकॉय वाढवायचे, की महागातले घ्यायचे?

दोन्हीची गरज नाही. बारा डिकॉय पुरतात, पुष्कळदा आठही पुरतात. घोळ दोन ठिकाणी होतो. मांडणीतून पक्ष्याला काय दिसावं हे आधी ठरवलेलं नसतं, आणि लपण, म्हणजे तुम्ही लपून बसता ती जागा, वरून उघडं असतं.

कावळा खाली वळतो तो तीन कारणांनी. आपल्यातले कुणी निवांत खाताना दिसले, म्हणजे तिथे खाणं आहे. आपल्या हद्दीत परका घुसला, त्याला हाकलायचं आहे. किंवा घुबडासारखा वैरी दिसला, त्याच्यावर तुटून पडायचं आहे. एका मांडणीत यातलं एकच कारण दिसलं पाहिजे. चरणाऱ्या दहा कावळ्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचं घुबड ठेवलं की दोन्ही वाया जातात, कारण घुबड शेजारी असताना कुठलाही कावळा मान खाली घालून दाणे टिपत नाही आणि वरच्या पक्ष्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मक्यावर कारण खाण्याचं आहे, म्हणून आधी त्याच मांडणीचं सविस्तर सांगतो. हद्द आणि घुबड यांचं नंतर.

पण त्याआधी कायदा, कारण काय वापरायचं आणि काय नाही हे त्यावरूनच ठरतं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टने सगळ्या वन्य पक्ष्यांना संरक्षण आहे. पिकाचं किंवा जनावरांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी ठरावीक जातींपुरती सूट सामान्य परवान्यातून मिळते. २०१९ मध्ये इंग्लंडचे जुने सामान्य परवाने न्यायालयीन आव्हानानंतर मागे घेतले गेले. २०२१ पासून पिकांच्या नुकसानीसाठी जीएल ४२ हा परवाना आहे. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण तो वाचणं आणि त्यातली प्रत्येक अट पाळणं बंधनकारक आहे. बुजगावणी, गॅसची तोफ, माणसांची ये-जा असे उपाय करून भागलं नाही किंवा ते करणं शक्य नव्हतं, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. नुकसानीचे तारखेसह फोटो आणि केलेल्या उपायांची नोंद शेतमालकाकडून घेऊन ठेवा. गंमत म्हणून कावळे मारायला हा परवाना नाही. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधले परवाने आणि जातींच्या याद्या वेगळ्या आहेत, आणि अटी बदलत असतात, म्हणून दर हंगामाला चालू मजकूर नव्याने वाचा.

याच कायद्याच्या पाचव्या कलमाने आमिष म्हणून ध्वनिमुद्रित आवाज लावायला मनाई आहे. बांधलेला, जखमी किंवा आंधळा केलेला जिवंत पक्षीही वापरता येत नाही. अमेरिकेतल्या चित्रफितींमध्ये स्पीकरवर कावळ्यांचा गलका लावलेला दिसतो. ते इथे करू नका. तोंडाने वाजवायची पिपाणी चालते.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत मोडत असे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली, आणि तिच्याबरोबर मारायची मोकळीकही. इथली पद्धत वाचून ती तिकडे शेतावर करून पाहू नये.

आता शेत. डिकॉय पक्ष्यांना दुसऱ्या शेतातून ओढून आणत नाही. पक्षी ज्या शेतात यायचेच आहेत, त्यातल्या नेमक्या कुठल्या तुकड्यावर उतरायचं एवढंच तो सुचवतो. त्यामुळे बंदूक न घेता दोन सकाळी नुसतं बघत बसणं हा सगळ्यात फायद्याचा वेळ. झोपण्याच्या झाडांवरून पक्षी कुठल्या रेषेने निघतात, कुठल्या झाडावर थांबून शेत न्याहाळतात, पहिला पक्षी कुठे टेकतो, हे लिहून ठेवा. उकरलेल्या ओळी कुठल्या कोपऱ्यात दाट आहेत ते चालत जाऊन बघा. मका पेरलेल्या शेतात ते बहुधा कडेच्या ओळींपासून सुरुवात करतात आणि ओळ धरून आत सरकतात. उपटलेला कोंब बाजूला पडलेला असतो आणि शेजारी चोचीने केलेलं निमुळतं भोक दिसतं. अशी ताजी भोकं जिथे जास्त, तिथे मांडायचं. तिथून दीडशे मीटरवर सोयीचं झुडूप आहे म्हणून तिथे बसाल, तर दिवसभर पक्षी लांबून जाताना बघावे लागतील.

पक्ष्यांची ओळखही याच वेळी पक्की करा. रूकच्या चोचीच्या मुळाशी राखट-पांढरी उघडी कातडी असते, पण पहिल्या वर्षातल्या पिल्लांचा चेहरा काळ्या पिसांनीच झाकलेला असतो, म्हणून ती कावळ्यासारखीच दिसतात. जॅकडॉ लहान, मानेमागे राखाडी, डोळा फिका. रॅव्हन आकाराने बराच मोठा असतो, उडताना त्याची शेपटी पाचरीसारखी दिसते आणि आवाज खोल, घोगरा असतो. किनाऱ्याकडे चफ हा लाल चोचीचा पक्षी दिसतो. रॅव्हन आणि चफ हे दोघे परवान्याच्या यादीत नाहीत. जरा शंका आली तरी बंदूक वर करायची नाही. रूकच्या बाबतीत आणखी एक विचार करा. २०२१ पासून तो ब्रिटनच्या अंबर यादीत आहे, म्हणजे त्याची संख्या काळजी करण्याजोगी घटली आहे, आणि जमिनीतल्या तारकिड्यांसारख्या अळ्या खाऊन तो शेताचा फायदाही करतो. कोंब हाताएवढे होऊन नुकसान थांबलं की रूकवर बंदूक चालवायचं कारणही संपतं.

डिकॉयमध्ये पहिला दोष चकाकीचा. गुळगुळीत प्लॅस्टिक उन्हात पांढरं चमकतं आणि पहाटेचं दव पडलं की त्याहून जास्त. कावळ्याचं पीसही चमकतं, पण त्याची झळाळी निळसर आणि मऊ असते, काचेसारखी नसते. मखमलीसारखा लवदार थर दिलेले डिकॉय मिळतात, ते घ्या. नुसते प्लॅस्टिकचे असतील तर त्यांना निस्तेज काळा रंग मारा. पोटाला अडकवायची काठी सैल ठेवा, म्हणजे वाऱ्याने पक्षी थोडा डुलतो. लवदार डिकॉय एकमेकांवर घासून पोत्यात कोंबले की थर निघतो आणि टक्कल पडलेले ठिपके लांबून दिसतात, म्हणून प्रत्येक डिकॉय जुन्या मोज्यात घालून ठेवावा. चिखल लागला तर वाळल्यावर ब्रशने झाडायचा. ओला पुसला की चिखल थरात मुरतो. दव पडलं असेल तर उजाडल्यावर एकदा फडक्याने टिपून घ्या, पण आकाश मोकळं असेल तेव्हाच.

दुसरा दोष माना. दुकानातले बहुतेक डिकॉय ताठ मानेचे असतात, आणि बारा ताठ माना म्हणजे धोक्याची सूचना. कावळ्यांचा थवा उडण्याआधी नेमका तसाच उभा राहतो. दहा डिकॉय असतील तर सहा-सातांच्या चोची जमिनीला टेकलेल्या हव्यात, दोन-तीन अर्धवट वर बघणारे आणि फार तर एक ताठ, तोही बाजूला कुंपणाच्या खांबावर पहारेकऱ्यासारखा. ताठ डिकॉयच मिळाले असतील तर काठी तिरपी खोचून शेपूट वर आणि चोच खाली करता येते.

तिसरा दोष ओळ. चरणारे पक्षी साधारण वाऱ्याकडे तोंड करतात, पण सगळे एकाच कोनात कधीच नसतात. तोंडं वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना चाळीस-पन्नास अंशांपर्यंत फिरलेली असू द्या. अंतर दोन ते तीन मीटर, पण सारखं नको. एखादी जोडी जवळ, एखादा एकटा सात-आठ मीटर लांब. अगदी दाटीवाटीने मांडलेले पक्षी घाबरून एकत्र आल्यासारखे दिसतात. रूक कावळ्यापेक्षा जास्त घोळक्याने वावरतात, म्हणून त्यांच्यासाठी वीसपर्यंत डिकॉय शोभतात आणि अंतरही थोडं कमी चालतं. मधल्या एक-दोन ठिकाणी जॅकडॉचे डिकॉय असले तर अधिक खरं वाटतं, कारण रूक आणि जॅकडॉ बहुतेक वेळा एकत्रच चरतात.

उतरायला मोकळी जागा ठेवा. कबुतरांच्या शिकारीतला घोड्याच्या नालाचा आकार इथेही चालतो, फक्त मधली जागा मोठी हवी, दहा-बारा मीटर रुंद. ही मोकळी जागा लपणापासून वीस ते पंचवीस मीटरवर यायला हवी. सगळ्यात लांबचा डिकॉय पस्तीस मीटरवर ठेवा. तो तुमची मर्यादा दाखवणारी खूण. त्याच्या पलीकडचा पक्षी सोडायचा. लपणाच्या पंधरा मीटरच्या आत एकही डिकॉय नको. झुडपाच्या सावलीत चरायला कावळे नाखूश असतात, कारण तिथून झडप येऊ शकते.

वारा कुठून असावा यावर पुष्कळ जण सांगतील की पाठीमागून. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध उतरतात, तेव्हा वारा पाठीवर असला की ते समोरून येतात. कबुतराला हे ठीक आहे. कावळा मात्र शेवटचे शंभर मीटर लपणाकडे थेट बघत येतो आणि एवढा वेळ त्याला पुरून उरतो. म्हणून माझं मत वारा एका बाजूने, थोडासा पाठीमागून असावा असं आहे. मग पक्षी डावीकडून उजवीकडे किंवा उलट जातो, त्याची नजर डिकॉयवर राहते आणि नेमही सोपा पडतो. वारा पडलेल्या दिवशी पक्षी कुठूनही येतात, त्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नका. घोंघावणारा वारा आणि ढगाळ आकाश सगळ्यात चांगलं. पक्षी खालून उडतात आणि बंदुकीचा आवाजही लांब जात नाही.

पहिले पक्षी पडले की ते प्लॅस्टिकपेक्षा सरस डिकॉय ठरतात, पण नीट मांडले तरच. छातीवर बसवायचा, पंख घडी करून अंगाशी, शेपूट मिटलेली. हेझलच्या झुडपाची बोटाएवढी जाड, फूटभर काडी एका टोकाला तासून ते टोक हनुवटीखालून वर रुतवायचं आणि दुसरं टोक जमिनीत खोचायचं, म्हणजे मान चरण्याच्या कोनात राहते. पंख फाकलेला किंवा पाठीवर पडलेला कावळा दिसला की बाकीचे वरूनच कोकलत निघून जातात. महाराष्ट्रात पेरणीनंतर मेलेला कावळा काठीला उलटा टांगतात, ते याच स्वभावावर आधारलेलं आहे. मातीत पडलेली सुटी पिसं वेचून खिशात घाला. रक्ताळलेला पक्षी मांडू नका.

पंख्यासारख्या फिरणाऱ्या यंत्राचं काय? गोल फिरणारे दोन हात आणि त्यावर मेलेले पक्षी, हे कबुतरांना ओढतं. कावळे त्याला बिचकतात. रूक कधी कधी येतात, पण दोन-तीन दिवसांत शिकतात. हालचाल हवीच असेल तर लवचीक दांडीवर, जमिनीपासून मीटरभर उंच, पंख पसरून उतरत असल्यासारखा एकच पक्षी मोकळ्या जागेच्या खालच्या टोकाला लावा. तो वाऱ्याने डुलतो तेवढं पुरे.

आता लपण. तुमचे पक्षी साठ-सत्तर मीटरवरून वळतात, याचा अर्थ डिकॉय त्यांना लांबून पटले आणि जवळ आल्यावर दुसरं काही दिसलं. हे दुसरं काही म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही. कबुतरासाठी समोर छातीएवढी जाळी पुरते. कावळा वरून वळसा घेतो आणि उघड्या छपरातून चेहरा, हात, बंदुकीची नळी, पिशवी सगळं बघतो. त्यामुळे डोक्यावर छप्पर हवं. झुडपाच्या आत शिरून बसा, पाठीमागे दाट पालवी असू द्या, वर जाळी टाकून तिच्यात तिथल्याच फांद्या विणा आणि गोळी झाडायला समोर तिरपी फट ठेवा. जाळी एकेरी असेल तर मागचा उजेड आरपार दिसतो आणि तुमची आकृती काळी उठते, म्हणून दुहेरी लावा. तोंडावर बुरखा, हातात मोजे, घड्याळ काढलेलं. उघडा चेहरा उन्हात दिसतो तो लांबूनही, तव्यावरच्या भाकरीसारखा पांढरा.

मांडणी आणि लपण सूर्योदयाच्या निदान पाऊण तास आधी पूर्ण व्हायला हवं. कावळे उजाडण्याआधीच झाडं सोडतात आणि शेतात चालणारा माणूस बघितला की ती सकाळ गेली. गाडी शेताबाहेर, नजरेआड ठेवा.

हद्दीची मांडणी वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायच्या वेळी कोकरांचे डोळे, जीभ टोचणारे कावळे बहुधा त्या भागातली ठरलेली जोडी असते, थवा नसतो. तिथे बारा डिकॉय चुकीचे ठरतात, कारण जोडी एवढ्या घोळक्याला टाळते. एकच डिकॉय, फार तर दोन, तेही ताठ मानेचे, उघड्या उंचवट्यावर किंवा खांबावर. समोर फोडलेली दोन अंडी किंवा पोट फाडलेला ससा ठेवला तर भांडणाला कारण मिळतं. मेलेलं कोकरू आमिष म्हणून ठेवू नका. मेलेल्या पाळीव जनावरांची विल्हेवाट कायद्याने ठरवून दिलेली आहे, ती शेतात टाकता येत नाहीत. पिपाणीने तीन-चार खणखणीत काव, मग थांबा. जोडी येते ती थेट आणि वेगाने.

घुबडाची पद्धत जुनी आहे. जर्मनीत झोपडीत बसून बाहेर खांबावर जिवंत शृंगी घुबड ठेवून कावळे मारायची रीत होती. ब्रिटनमध्ये जिवंत, बांधलेलं घुबड चालत नाही, प्लॅस्टिकचंच हवं. ते दीड-दोन मीटर उंच खांबावर, चारी बाजूंनी दिसेल असं लावा, पंखांना दोरी बांधून अधूनमधून हलवा, आणि जवळच्या कुंपणावर एक-दोन ताठ डिकॉय घुबडाकडे तोंड करून ठेवा. इथे पक्षी उतरत नाहीत, घुबडावरून सूर मारून वर जातात, म्हणून नेम हलता आणि वेळ सेकंदाचा. दहा-पंधरा मिनिटांत काही घडलं नाही तर जागा बदला. हा प्रकार एका भागात फार वेळा चालत नाही.

पिपाणी कमी वाजवा. पक्षी लांब आणि दुसरीकडे जात असेल तेव्हा तीन काव, वळला की गप्प. जवळ आलेल्या कावळ्याला आवाजाची जागा नेमकी कळते आणि तो डिकॉय सोडून झुडपाकडे बघतो.

बंदुकीबद्दल थोडक्यात. बारा बोअरची दुनळी, पाव आणि अर्धा चोक (नळीचं तोंड किती आवळलेलं आहे त्याचं माप), २८ ते ३२ ग्रॅमचं काडतूस. शिशाचे छर्रे असतील तर ब्रिटिश मापाचे पाच किंवा सहा नंबर (नंबर लहान तितका छर्रा मोठा). अमेरिकन सहा नंबरचा छर्रा ब्रिटिश सहापेक्षा मोठा असतो, वाचताना गल्लत करू नका. पोलादी छर्रे हलके, म्हणून दोन मापं मोठे घ्या, तीन किंवा चार नंबर, आणि बंदूक पोलादासाठी योग्य आहे का हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने शिशाच्या छऱ्यांवर टप्प्याने बंदीचा निर्णय जाहीर केला आहे, तेव्हा पोलादाचा सराव आत्ताच केलेला बरा. काडतुसातली डट्टी (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) प्लॅस्टिकची नको, कागदी किंवा विरघळणारी घ्या, शेतात जनावरं चरतात.

लपणाच्या डावी-उजवीकडे एकेक काठी रोवा. त्या काठ्यांच्या बाहेर नळी जायची नाही. कुंपणापलीकडे पायवाट आहे का, घोडेस्वारांची वाट आहे का, हे नकाशावर बघून मगच कोन ठरवा. सार्वजनिक रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत गोळी झाडून रस्त्यावरच्या कुणाला इजा किंवा अडथळा झाला तर १९८० च्या हायवेज ॲक्टखाली गुन्हा होतो. कमी उंचीवरच्या पक्ष्यावर, मागे मोकळं आकाश नसताना, गोळी नाही.

एकटा टेहळणीला आलेला कावळा खात्रीच्या अंतरात येईपर्यंत थांबा. तो चुकला आणि ओरडत गेला तर पुढचा तासभर कुणी येत नाही. जोडी आली तर आधी मागचा घ्या, पुढचा तोवर आतच असतो. जखमी पक्षी पडला तर वर कितीही कावळे असोत, आधी बाहेर पडून त्याचा जीव ताबडतोब संपवायचा. यात सवलत नाही. बाकी मेलेले पक्षी मात्र आकाश रिकामं झाल्यावरच उचला.

संपल्यावर सगळे पक्षी आणि रिकामी काडतुसं मोजून गोळा करा. बर्ड फ्लूचा धोका असल्याने मेलेले पक्षी हातमोजे घालूनच हाताळा आणि विल्हेवाट शेतमालकाशी ठरवून लावा. एक-दोन पक्षी शेताच्या मध्यावर काठीला उलटे टांगून ठेवले तर पुढचे काही दिवस मका तसाच राखला जातो. त्याच लपणात दोन आठवडे परत बसू नका, आणि बसाल तेव्हा डिकॉय दुसऱ्या आकारात, दुसऱ्या ओळींवर मांडा.